झांझिबार ४ रात्री : मसाल्याची बाग, जंगल आणि समुद्रातली शेती – क्रम कसा लावावा?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झांझिबारला उतरायचं आणि पाचव्या दिवशी दुपारी निघायचं, असं ठरतंय. दोन मोठे, दहा वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालते. रिसॉर्टमध्ये पडून राहायचं नाही. मसाल्याच्या बागा, जोझानीचं जंगल आणि समुद्रशेवाळाची शेती, एवढंच नीट बघायचं आहे.

प्रश्न असे :
१. बहुतेक सहल कंपन्या पहिले दोन दिवस स्टोन टाउन (झांझिबार शहराचा जुना भाग) आणि मग किनारा असा क्रम देतात. तो बरोबर आहे का?
२. कोकणातल्या बागांमध्ये मिरी, जायफळ, दालचिनी पाहिलेली आहे. तिथे वेगळं काय दिसेल? आणि खरी बाग आणि पर्यटकांसाठी मांडलेली बाग यांतला फरक कसा ओळखायचा?
३. आम्ही शाकाहारी आहोत. कितपत जमेल?

---

उधाणवारा

क्रम उलटा करा. आधी पूर्व किनारा, शेवटी शहर. कारण तुमची तारीख.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं, म्हणजे भरती जास्तीत जास्त वर आणि ओहोटी जास्तीत जास्त खाली. त्यात सप्टेंबरअखेर, विषुवदिनाच्या आसपासची उधाणं वर्षातल्या मोठ्यांपैकी असतात. उंगुजाला (झांझिबारच्या मुख्य बेटाचं हे नाव) अशा दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. पूर्व किनाऱ्यावर पाजे, ज्यांबियानी, ब्वेजू या भागात प्रवाळाची रांग समुद्रात बरीच आत आहे आणि तिच्या अलीकडे सगळं उथळ. उधाणाच्या ओहोटीत तो तळ उघडा पडतो. शेवाळाची शेती तिथेच असते आणि बायका कामाला उतरतात त्या याच दिवसांत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं उतरत नाही. मग बघायला मिळतात ते पाण्याखालचे धूसर दोर.

मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते हे आपल्याला पाठ असतं. झांझिबारला ती चारच्या सुमारास येते, पहाटे आणि दुपारी, तिथल्या घड्याळाप्रमाणे. म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी दहा-साडेदहाला. पुढे उधाणाच्या दिवसांत तो रोज अर्धा-पाऊण तास सरकतो. त्यावरून तुमचं असं बसतं :

दिवस १ (पौर्णिमा) : विमानतळावरून थेट पाजे किंवा ज्यांबियानी. गाडीने सव्वा ते दीड तास. संध्याकाळी किनाऱ्यावर भरपूर पाणी असेल, पोहायला हीच वेळ.
दिवस २ (प्रतिपदा) : ओहोटीचा तळ साधारण पावणेअकराच्या आसपास. साडेनऊला उतरायचं, साडेअकराला परत वाळूवर. दुपार सावलीत. संध्याकाळी पुन्हा पोहणं.
दिवस ३ : सकाळी लवकर निघून वाटेत जोझानी, दुपारी स्टोन टाउन.
दिवस ४ : सकाळी मसाल्याची बाग, दुपारनंतर शहर.
दिवस ५ : विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटर. धावपळ नाही.

सहल कंपनीच्या क्रमाने गेलात तर किनाऱ्यावरचा पहिला पूर्ण दिवस तृतीयेला येतो. ओहोटी भर दुपारी, डोक्यावर ऊन, आणि पाणीही पहिल्याइतकं उतरलेलं नसतं. मसाल्याच्या बागेला तिथीचं बंधन नाही, म्हणून ती मागे ढकला. नेमक्या वेळा मात्र निघण्याआधी झांझिबार बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्या. मी दिलेल्या वेळांत अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो.

एक गोष्ट चालक आणि वाटाड्याशी वेळ ठरवताना सांभाळा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजला, पण आपल्या हिशेबात सकाळचे सात. ‘सा ताटू’ म्हणजे नऊ. इंग्रजीत बोलणारे सहसा आपल्याच पद्धतीने सांगतात, पण गावातल्या माणसाने ‘तीन वाजता’ म्हटलं तर ‘सकाळी नऊ ना?’ असं एकदा विचारून घ्या. ओहोटी हुकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

---

तिरफळ

बागेबद्दल.

मसाल्याच्या बागा शहराच्या ईशान्येला किझिंबानी, किडिची या भागात आहेत, गाडीने अर्धा-पाऊण तास. तिथल्या बऱ्याच ‘स्पाइस फार्म’ म्हणजे एखाद-दोन एकरांत प्रत्येक मसाल्याची दोन-चार झाडं लावलेली नमुना बाग. त्यात वाईट काही नाही. मुलीला एका तासात वीस झाडं हाताळता येतील. फक्त ते लवंगेचं उत्पादन नव्हे, हे माहीत असू द्या. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा : आत्ता काय वाळत घातलंय, ते कुठे विकलं जातं, आणि एका वेळी किती लोक आत असतात. पहिल्या प्रश्नाला ‘चला, दाखवतो’ असं उत्तर आलं तर ती बाग चालती आहे. वेळ साडेआठची घ्या. दहानंतर किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून गाड्या येतात आणि एका जायफळाभोवती चाळीस माणसं उभी राहतात.

कोकणापेक्षा वेगळं काय, तर पहिली लवंग. आपल्याकडे ती नारळ-सुपारीच्या सावलीत चार झाडांपुरती. तिथे तो मोकळ्यावर वाढलेला दहा-पंधरा मीटरचा वृक्ष. तोडणी साधारण जुलै ते डिसेंबर-जानेवारी अशी पुढे-मागे चालते, म्हणजे तुम्ही ऐन हंगामात जाताय. कळी हिरवी असताना तोडली तर तेल कमी, उमलू दिली तर लवंगेचं डोकंच गळून जातं. हिरव्यावरून गुलाबीकडे झुकते तेवढ्या दिवसांतच घोसासकट खुडायची. मग हाताने देठ वेगळे करायचे आणि चटईवर चार-पाच दिवस उन्हात घालायचं. वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. नीट वाळलेली लवंग मोडताना ‘कट’ असा आवाज येतो. वाकली तर ओल आहे, ती बुरसणार. सरकारी नियमाने शेतकऱ्याने लवंग झांझिबारच्या राज्य व्यापार महामंडळालाच विकायची असते. म्हणून रस्त्याकडेला कोणी पोतं दाखवून किलोंचा सौदा करू पाहिला तर पुढे चला. दुकानातली पाकिटं घ्यायला हरकत नाही.

आज लवंगेचा मोठा भाग उंगुजावर नाही, शेजारच्या पेंबा बेटावर होतो. १८७२ च्या चक्रीवादळाने उंगुजावरची लवंगेची झाडं उन्मळून टाकली आणि लवंगेचं केंद्र पेंबाकडे सरकलं. त्याआधीची भरभराट सुलतान सईद बिन सुलतान यांच्या काळातली, आणि ती गुलामांच्या श्रमावर उभी होती. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्या जागेवर स्टोन टाउनमधलं अँग्लिकन कॅथीड्रल आहे. बाग बघून आल्यावर त्याच दुपारी तिथे जाच. दहा वर्षांच्या मुलीला समजेल असं आहे, आणि लवंगेची गोष्ट त्याशिवाय अर्धी राहते.

दुसरं, व्हॅनिला. हा वेलीवर येणारा ऑर्किड. मूळ मेक्सिकोचा, आणि तिथली परागण करणारी माशी इथे नाही, म्हणून प्रत्येक फूल हाताने फळवावं लागतं. फूल एकच दिवस उमलतं आणि काम सकाळीच उरकावं लागतं. काडीने मधला पडदा उचलून पराग दाबायचा, ही युक्ती १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या गुलाम मुलाने शोधली, वय अवघं बारा. शेंग पक्व व्हायला आठ-नऊ महिने. झाडावरच्या हिरव्या शेंगेला वास नसतो. मुलं हुंगून हिरमुसतात, आधीच सांगून ठेवा. वास येतो तो नंतर ती ऊब देऊन, घाम आणून, महिनोन्महिने मुरवल्यावर.

दालचिनीचं मूळ खरवडून दाखवायला सांगा. सालीला दालचिनीचा वास, मुळाला कापराचा. शेंद्रीचं फळ फोडून दाखवतील; त्याच्या बियांचा रंग कपड्यावरून जात नाही, तेव्हा पांढरं घालू नका. शेवटी माडावर चढण्याचं प्रात्यक्षिक आणि झावळ्यांच्या टोप्या असतात. त्याची बक्षिसी वेगळी अपेक्षित असते, सुटे शिलिंग (तिथलं चलन) जवळ ठेवा.

खरेदी करताना :
पूड घेऊ नका, अख्खा मसाला घ्या. पुडी कधी दळली कोणालाच माहीत नसतं.
लवंग नखाने दाबा, तेल दिसलं पाहिजे. पाण्यात टाकली तर चांगली बुडते किंवा उभी तरंगते. तेल काढून घेतलेली आडवी पडते.
दालचिनीची गुंडाळी कागदासारख्या पातळ थरांची हवी. एकच जाड साल असेल तर तो कॅसिया, म्हणजे दालचिनीच्या जातीतल्या दुसऱ्या झाडाची साल.
व्हॅनिलाची शेंग बोटाला गुंडाळता यावी. कडकडीत असेल तर सोडा.
जायफळ हातात जड लागलं पाहिजे, बारीक भोकं असतील तर आत कीड आहे.
आणि ‘केशर’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्या करडईच्या पाकळ्या असतात. रंग येतो, वास येत नाही. करडई आपल्याला नवी नाही, तरी लोक फसतात.

---

कांदळ

समुद्रशेती आणि जोझानीबद्दल माझी भर.

झांझिबारमध्ये शेवाळाची व्यापारी शेती १९८९ च्या सुमारास सुरू झाली आणि ती बहुतांश बायकांच्या हातात आहे. वाळूत दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोर ताणतात. दोराला वीतभर अंतराने बारीक दोऱ्या, त्यात शेवाळाचे मूठभर तुकडे बांधतात. सहाएक आठवड्यांत वाढ होते. उधाणाच्या ओहोटीत काढायचं, त्यातलेच चांगले तुकडे बियाणं म्हणून पुन्हा बांधायचे, बाकी किनाऱ्यावर वाळवायचं. त्यातून कॅरजिनन निघतं, जे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणासाठी वापरतात.

दोन जाती दिसतील, किंवा एकच दिसेल. बारीक काटेरी ती स्पिनोसम, जाड फांद्यांची ती कॉटोनी. कॉटोनीला भाव जास्त, पण उथळ पाणी तापलं की ती आजारी पडते : फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. या रोगाला तिथे ‘आइस-आइस’ म्हणतात. म्हणून उथळ भागात स्वस्त स्पिनोसमच उरली आहे. कॉटोनीसाठी खोल पाण्यात जावं लागतं, आणि त्यासाठी पोहणं आणि होडी दोन्ही हवं. ज्या बायका आयुष्यभर ओहोटीत चालत शेतावर गेल्या, त्यांच्यासाठी हा फार मोठा बदल आहे. दाखवणारीला त्याबद्दल जरूर विचारा, ‘हे काय आहे’ याच्या पुढचं बोलणं तिथून सुरू होतं.

काळजी घ्यायच्या गोष्टी. पायात जाड तळाचे, मागून बंद बूट हवेत. सपाता नकोत. समुद्री साळू (काटेरी गोळे) दगडांच्या खोबणीत असतात आणि काटा तुटून आत राहतो. दोरांवरून पाय टाकू नका, वाटाड्याच्या मागून चाला. परत फिरण्याची वेळ पाण्याकडे बघून नव्हे, घड्याळाकडे बघून ठरवा. भरती सहा तासांत सारखी चढत नाही : पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. चार मीटरच्या उधाणात याचा अर्थ एकट्या तिसऱ्या तासात मीटरभर पाणी. पहिल्या तासात काहीच झाल्यासारखं वाटत नाही आणि तिथेच माणसं रेंगाळतात. तळ गाठल्यावर पाऊण तासात किनाऱ्याकडे वळायचं. मुलीसाठी तर नक्कीच.

आईंना आत नेऊ नका. तळ खडबडीत आहे. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरच बघण्यासारखं आहे : शेवाळ वाळवणं, त्याचा साबण करणं, आणि काथ्या. नारळाची सोडणं खाजणातल्या चिखलात महिनोन्महिने पुरून ठेवतात, मग काढून लाकडाने बडवतात आणि मांडीवर दोर वळतात. कोकणातल्या माणसाला ते बघून शब्द लागत नाहीत.

फोटो काढण्याआधी ‘नाओंबा कुपिगा पिचा’ म्हणा. परवानगी मागण्याचं वाक्य आहे. वयस्क बाईला ‘शिकामू’ म्हटलं तर ‘मराहाबा’ असं उत्तर येतं आणि चेहरा खुलतो. अंगणात शिरताना ‘होडी’ म्हणून थांबायचं, ‘करिबू’ ऐकू आलं की आत.

जोझानी शहरापासून पस्तीसेक किलोमीटर, पाजेहून अर्धा-पाऊण तास. झांझिबारचं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, २००४ पासून. सकाळी उघडताक्षणी पोहोचा. लाल कोलोबस माकडं तेव्हा खात असतात, उन्हात वर जाऊन निजतात. ही जात जगात फक्त याच द्वीपसमूहात आहे. पिकलेली गोड फळं त्यांना पचत नाहीत. ती खातात कोवळी पानं आणि कच्ची फळं. पानांतली विषारी द्रव्यं शोषली जावीत म्हणून जळका कोळसाही खातात. केळं दाखवणं निरुपयोगी आणि घातक, दोन्ही. काही मीटर अंतर ठेवा, आणि कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने लांबच राहावं, माणसाचे आजार त्यांना लागतात. उद्यानाच्या रस्त्यावर गतिरोधक आहेत ते गाड्यांखाली माकडं मरत होती म्हणून. चालकाला तिथे घाई करू देऊ नका.

दाट जंगलाचा भाग सपाट आहे, आईंना जमेल. तिथे उंडीचे मोठे वृक्ष आहेत, आपल्या किनाऱ्यावरचीच उंडी. खारफुटीतली लाकडी पायवाट वेगळ्या जागी, गाडीने पाच मिनिटांवर. पाऊस पडून गेला असेल तर फळ्या निसरड्या होतात. कठड्याचा हात सोडू नका.

डॉल्फिनच्या मागे होड्या पळवणारी किझिमकाझीची सहल कोणी सुचवेल. दहा-बारा होड्या एका कळपाला घेरतात. मी ती यादीतून काढून टाकेन.

---

सोनटक्का

उधाणवारा, तिथीचं डोक्यातच आलं नव्हतं. क्रम उलटा केला. कागदपत्रं, आरोग्य आणि मसाले परत आणण्याबद्दल कोणी सांगेल का? आणि शाकाहाराचं राहिलंच.

---

वाटसरू

व्हिसा टांझानियाचा, झांझिबारला वेगळा नाही. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. त्याच्यासारखी दिसणारी जास्त पैसे घेणारी बरीच आहेत. भारतीय पासपोर्टला एकदा प्रवेशाचे ५० डॉलर. किमान तीन आठवडे आधी अर्ज करा आणि नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा. पासपोर्ट सहा महिने वैध हवा.

दुसरं, जे लोक विसरतात : १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबार विमा महामंडळाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. मोठ्यांना ४४ डॉलर. तुमचा इथून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही. पण आईंसाठी तो वेगळा काढाच, आधीपासूनच्या आजारांसह. विमा ऑनलाइन काढून छापील प्रत ठेवा.

पीतज्वर : विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर लस आणि पिवळं कार्ड हा प्रश्न येतो. इथिओपिया आणि केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतात, आणि परतताना आपल्या विमानतळावरही विचारतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि मग आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांना या लशीचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आईंसाठी आधी डॉक्टरांशी बोला, आणि शक्य असेल तर आखातातून जाणारं विमान निवडून हा प्रश्नच टाळा. हिवताप झांझिबारमध्ये कमी आहे, संपलेला नाही. गोळ्यांबद्दल त्याच भेटीत विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्या.

टांझानियाच्या मुख्य भूमीवर दार-एस-सलामला उतरून फेरीबोटीने जाणार असाल तर पावणेदोन-दोन तास. कुसी, म्हणजे दक्षिणेकडचा वारा, सप्टेंबरमध्ये ओसरत असतो, तरी खाडी हलवते. मळमळीची गोळी आधी घ्या. तिकीट कंपनीच्या खिडकीवरच, बंदराबाहेर घेरणाऱ्यांकडून नाही. तुमच्याकडे चारच रात्री आहेत, मी विमानच घेईन.

प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, सामानात कापडी घाला. प्लगला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा जोड लागतो. २०२५ च्या मार्चपासून देशांतर्गत व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम आहे, तेव्हा विमानतळावर किंवा शहरात थोडे बदलून घ्या. डॉलर नेलेत तर नव्या छपाईच्या, न फाटलेल्या नोटा. शहरात आणि गावात खांदे-गुडघे झाकलेले असावेत. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच.

परत आणताना : वाळलेला, नीट बांधलेला अख्खा मसाला घरापुरता. रोपं, मुळं, पेरायचं बी, माती यांना आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. व्हॅनिलाचा वेल तोडून देतो म्हणतील, नाही म्हणा. प्रवाळ आणि शंख-शिंपले उचलू नका, किनाऱ्यावर पडलेलेसुद्धा.

जेवण : ‘सिली न्यामा वाला सामाकी’ म्हणजे मी मांस खात नाही, मासेही नाही. नुसतं ‘न्यामा नको’ म्हटलं तर मासे येतात. नारळाच्या दुधातला राजमा (महारागे या नाझी), वाली म्हणजे भात, म्चिचा म्हणजे आपला माठ, आणि चपाती – नाव तेच, पण मैद्याची, थरांची. पिलाव टाळा, भाजीचा म्हटला तरी पाणी बहुधा मटणाचं असतं. उरोजो हे तिथलं आंबट सार भज्यांचं असतं, पण त्यात अंडं किंवा मांसाचे तुकडे घालतात. घालण्याआधी सांगावं लागतं.

---

उधाणवारा

एक दुरुस्ती. दिवस ३ ला जोझानी उघडताक्षणी गाठायचं तर पाजेहून सकाळी सातच्या आत निघावं लागेल आणि हॉटेलचा नाश्ता बहुधा त्यानंतर सुरू होतो. आदल्या रात्री डबा सांगून ठेवा. आणि उद्यानाच्या फाटकाबाहेरच खा, आत माकडांसमोर डबा उघडायचा नाही.

दिवस ४ शुक्रवार येत असेल तर दुपारी बारा ते दोन शहरातली बरीच दुकानं नमाजासाठी बंद असतात. बाग साडेआठला सुरू करून अकराला संपवलीत तर मसाल्याची खरेदी त्याआधी उरकते.